बंद शाळेकडून आलेले वाचक

तुम्ही मराठी वाचकाला मेलेला ठरवलंत, साहेब, आणि मढं न बघता ठरवलंत. साधा माणूस गेला तरी कोणीतरी नाकाशी सूत धरून बघतं, श्वास चालू आहे की थांबला. तुम्ही सूतसुद्धा धरलं नाही. गार खोलीत बसून लिहून टाकलंत, 'वाचनालयाचा मराठी कक्ष वापरात नाही, वाचक नाहीत, पुस्तकांचा निपटारा करावा व खोली ई-सेवा केंद्रास द्यावी.' निपटारा. बुऱ्हाणपुरात हा शब्द आम्ही भाऊबंदकीच्या भांडणाला वापरतो, नाहीतर नाल्यातल्या गाळाला.

मी कोण विचाराल. माझं पावरलूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि मी गोष्टी लिहितो. शाळा लवकर सुटली, म्हणजे मीच सोडली. पुढचं सगळं त्या मराठी कक्षात, खिडकीजवळच्या बाकावर बसून झालं. त्यामुळे मी शिकलेला नाही, वाचलेला आहे. तुमचं बहुधा उलटं असावं.

तुमच्या ऑफिसात आलो तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये होता. तुम्ही नेहमीच असता. तुमच्या बाबूनं मोबाईलवरून नजर न उचलता विचारलं, "काकाजी, आज के जमाने में मराठी पढ़ता कौन है?"

"मी."

"आपके अलावा?"

इथं मी थोडा अडखळलो. पण माघार घेणं आमच्या रक्तात नाही. म्हटलं, "अर्ध्या गावाच्या घरात मराठी बोलतात."

"बोलते हैं. पढ़ते हैं क्या?" त्यानं चहाचा घोट घेतला. "सबूत लाओ. साहब ऑनलाइन डेटा मानते हैं. महीने में सौ रीडर, और कौन कहाँ से आया, वो भी. सब शहर के. नहीं तो महीने के बाद गाड़ी आएगी और किताबें उठ जाएँगी."

कौन कहाँ से आया. हा प्रश्न तुमच्या ऑफिसचा आहे, माझा नव्हे, हे ध्यानात ठेवा. मला तो कधी पडलाच नव्हता. वाचणारा कुठूनही येवो, त्यानं वाचलं म्हणजे झालं, एवढंच मला कळत होतं. पुढं जे झालं ते या तुमच्या प्रश्नामुळे झालं.

आमच्या शेजारी लीलाधरभाऊ राहतात. वाहतूक खात्यातून रिटायर झाले आणि तेव्हापासून सल्ला खात्यात रुजू आहेत. त्यांची सून पूजा इंदूरच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. मी तिला सांगितलं, मराठी कक्षातल्या जुन्या गोष्टी टाइप करून वेबसाईटवर चढवायच्या, आणि कोण कुठून आला ते कळलं पाहिजे. ती म्हणाली, "इझी आहे काका. प्रत्येक जागेसाठी वेगळी लिंक करायची. लिंकच्या मागे एक शेपूट लावायचं. जलेबीवाल्याच्या दुकानावर जो स्कॅनर चिकटवू त्याचं शेपूट जलेबी, बस स्टँडवरच्याचं बस स्टँड. माणूस मोबाईल धरतो, साईटवर येतो, शेपूट आपल्या दारात ठेवतो. मतलब आपल्याला कळतं, हा इकडून आला."

"आणि शेपूट नसेल तर?"

"मग तो 'थेट'. कुठून आला, ते रामाला माहीत."

आता स्कॅनर लावायचे कुठे यावर आमच्या ओसरीवर जी बैठक झाली तिचं वर्णन मी करत नाही. लीलाधरभाऊ म्हणाले, मावा जलेबीचं दुकान, तिथं सारा गाव येतो. कोणी म्हणालं, केळीच्या लिलावात लावा, निंबोल्याचे शेतकरी येतात. जैनाबादच्या सलूनवर लावा, दाढी होईस्तोवर माणूस रिकामा असतो. वैजयंती, म्हणजे आमची सौभाग्यवती, आतून म्हणाली, "आणि मराठी शाळेला लावा. तिथं मराठी शिकवत होते ना."

"अगं, ती बंद पडली. कुलूप आहे."

"असू द्या. दारावरून लोक जातात ना."

स्टिकर छापून आले. सुंदर होते. खाली मी माझ्या हातानं ओळ घातली होती, 'वाचाल तर वाचाल, न वाचाल तर साहेब व्हाल.' प्रेसवाल्यानं दुसरा भाग काढला.

सगळे स्टिकर लावून झाले आणि मी घरी येऊन पूजाच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. कोणी आलं नाही. संध्याकाळ झाली, कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पूजानं जलेबीच्या दुकानात जाऊन स्वतः मोबाईल धरला आणि हसत परत आली. "काकू, तुम्ही स्टिकरना काही केलं होतं का?"

"काही नाही," वैजयंती म्हणाली. "हळद-कुंकू वाहिलं. नवी वस्तू तशीच घराबाहेर धाडतात का?"

प्रत्येक स्टिकरवर, बरोबर मधोमध, कुंकवाचं स्वस्तिक आणि हळदीचं बोट. छापाची शाई जुन्या लग्नपत्रिकेसारखी पिवळी झालेली. पूजा म्हणाली, "काकू, या चौकोनाला तीन डोळे असतात. तुम्ही तिन्ही बुजवले. आता याला काही दिसत नाही. आंधळा झाला बिचारा."

नवे स्टिकर छापले, वैजयंतीला देव्हाऱ्यापाशी गुंतवून ठेवलं, आणि जुने काढून नवे लावले. एक सोडून. शाळेचा निघाला नाही. लीलाधरभाऊंनी तो फेविकॉल ओतून लावला होता, आणि तोही दाराच्या पार खाली, कारण वर रंगाचे पोपडे निघत होते. कमरेच्या जरा वर. मी खरवडायला नख लावलं तर नखाखाली कुंकू आलं, ओलं. आठवड्यापूर्वीचं कुंकू ओलं कसं, असा विचार मनात आला आणि गेला. म्हटलं राहू दे. बंद शाळेकडून कोण येणार आहे.

आता वाचक यायला लागले. जलेबीच्या दुकानातून तर झुंबड. मी आनंदानं अर्धा किलो जलेबी आणायला गेलो तर मालक गल्ला सोडून बाहेर आला. "काय हो लेखक, गिऱ्हाईक पैसे द्यायला स्कॅनर धरतं आणि त्याला तुमची गोष्ट उघडते. काल एक बाई अर्धा तास उभी. म्हणे, पैसे कुठे टाकायचे ते या गोष्टीच्या शेवटी सांगितलंय का."

तिनं शेवटपर्यंत वाचली का, असं मी विचारणार होतो. त्याचा चेहरा बघून विचारलं नाही.

बस स्टँडच्या स्टिकरवर मूळव्याधीच्या वैद्यानं आपली जाहिरात चिकटवली. सलूनवाल्यानं मात्र प्रामाणिकपणे लोकांना वाचायला लावलं, वस्तरा गळ्याशी धरून. एक वाचक फ्रँकफुर्टहून आला तेव्हा लीलाधरभाऊंनी मला मिठी मारली. "जर्मनीत वाचतात तुला, भाऊ."

"बॉट आहे, बाबा," पूजा म्हणाली. "मशीन फिरत असते. सगळ्यांच्या साईटवर जाते."

"आणि हे 'थेट' आलेले इतके लोक?" मी विचारलं.

पूजानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "काका, ते तुम्ही आहात. रोज सकाळी, दुपारी, जेवून झाल्यावर. तुम्ही आपल्याच साईटवर येणं बंद करा."

मी अपमान गिळला. अपमान गिळायची सवय मला संपादकांनी लावली आहे.

खरे वाचक मोजले तर शंभराच्या अर्ध्यावर घोडं अडलेलं. आणि मग एका दुपारी, माझं जेवण चालू असताना, पूजा ओसरीवर येऊन उभी राहिली. हातात कॉम्प्युटर तसाच उघडा. "काका, तुम्ही शाळेचा स्टिकर बदलला होता ना?"

"नाही. निघालाच नाही."

"म्हणजे तो हळद-कुंकवाचाच आहे?"

"हो. का?"

तिनं पडद्यावरच्या ओळी बोटानं पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "शाळेकडून आलेत. पुष्कळ जण आलेत."

मी म्हटलं, कोणीतरी ती लिंक कुठंतरी टाकली असेल. ती म्हणाली, "टाकली असती तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आले असं दिसलं असतं. बाकी प्रत्येकाचं काहीतरी कळतं काका. कोणता मोबाईल, कोणती कंपनी. यांचं सगळं रिकामं आहे. नुसतं शेपूट आहे."

"मग बॉट."

"बॉट असं वाचत नाही," ती म्हणाली आणि तिनं मला दाखवलं. एक जण पान उघडतो. त्याच्या मागोमाग बाकीचे सगळे तेच पान उघडतात. तो थांबला की सगळे थांबतात. तो पुढच्या पानावर गेला की सगळे जातात. असं मी पाहिलेलं होतं, साहेब, तुम्हीही पाहिलेलं असेल. एक पोरगा उभा राहून मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे ओळीवर बोट ठेवून मागून येतात.

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारची सुट्टी व्हायची तेवढा वेळ थांबून, पुन्हा. रविवारी कोणी नाही. लीलाधरभाऊ म्हणाले, "बघ, रविवारी नाही, म्हणजे ऑफिसातलं कोणीतरी मजा करतंय." शनिवारी मात्र दुपारी कोणीच फिरकलं नाही. पूजानं मागे जाऊन बघितलं, तर ते सकाळीच येऊन गेले होते. शनिवारी शाळा सकाळची असते हे पूजाला माहीत नव्हतं, ती इंग्रजी शाळेतली. मला माहीत होतं.

दुखऱ्या मानापमानाचा मुद्दा आहेच, तोही सांगून टाकतो. साईटच्या पहिल्या पानावर मी माझ्या गोष्टी लावल्या होत्या. जुन्या गोष्टी खाली, एका कोपऱ्यात. शाळेकडून येणारे सरळ त्या कोपऱ्यात जात. दोन भावांच्या विहिरीची एक गोष्ट आहे, ती त्यांनी तीन-तीनदा वाचली. माझी एक त्यांनी उघडली. पहिल्याच पानावर तो पुढचा थांबला, सगळे थांबले, आणि मग सगळे एकदम निघून गेले. परत कधी त्या पानाकडे आले नाहीत. इथूनही साभार परत.

शेवटी मी आणि लीलाधरभाऊ शाळेवर गेलो. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, केळीचा एक रिकामा ट्रक सावलीला उभा, ड्रायव्हर झोपलेला. शाळेच्या दाराला कुलूप, कुलपावर लाखेचं सील, सीलवर कोळ्याचं जाळं. खिडक्या विटांनी बुजवलेल्या. खाली स्टिकर, कुंकवानं माखलेला. मी वाकून मोबाईल धरला. मोबाईल नुसता चाचपडत राहिला. वाकलो तेव्हा लक्षात आलं, ही उंची चौथीतल्या पोराच्या डोळ्यांची आहे.

समोरच्या घरात मालूबाई राहतात. शाळा होती तेव्हा पोरांना चिंचा-बोरं विकायच्या, आता दारात बसून असतात. शाळेच्या पायरीवर पाण्याचा एक माठ होता, वर झाकण, झाकणावर पेला.

"माठ कोणाचा, मालूबाई?" लीलाधरभाऊंनी विचारलं.

"माझा. भरी ठेवते रोज."

"इथं कोण येतं पाणी प्यायला?"

"ज्याला तहान लागते ते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू तो स्टिकर लावला ना? चांगलं केलं. फार दिवसांचे रिकामे बसेल होते."

"कोण रिकामे बसले होते?"

मालूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडा. "उन्हात नको उभा राहू," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पूजा. "काका, तुम्ही शाळेपाशीच आहात ना?"

"दारातच उभा आहे."

"तिथं कोणी आहे का?"

"मी आणि तुझे सासरे."

"आत्ता आलेत," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू झाला होता. "आत्ता, या मिनिटाला. शाळेकडूनच."

"किती जण?"

"वर्गभर."

मी दाराला कान लावला. साहेब, आतून काही ऐकू आलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो. आतून काही आलं नाही. पण शांतता शांततेसारखी नव्हती. पोरं गोंगाट करत असतात आणि गुरुजींची चप्पल वाजली की एकदम पडते ना, तसली होती. म्हणजे माझी चप्पल वाजली होती. लीलाधरभाऊ, ज्यांच्याकडे जगातल्या कोणत्याही गोष्टीवर सल्ला असतो, ते ट्रकपर्यंत पोचले होते आणि झोपलेल्या ड्रायव्हरला उठवून निंबोल्याला किती वेळ लागतो ते विचारत होते.

घरी आल्यावर त्यांनी सल्ला दिला. चांगला दिला, मी नाव ठेवत नाही. "शाळेचे धरले तर शंभराच्या वर जातात. सोडले तर जात नाहीत. पण शाळा लिहिशील तर ऑफिसवाले हसतील. नाव बदल. शाळा काढ आणि बस स्टँड लिही. कोण बघायला येतंय?"

मला पटलं. पुस्तकं वाचवायची होती. पूजानं शेपटाचं नाव बदललं. शाळेकडून जे येतील ते आता बस स्टँडच्या नावावर पडणार होते.

ते आले नाहीत. त्या दुपारी नाही, दुसऱ्या दुपारी नाही. शनिवारी सकाळी मी पूजाच्या खुर्चीमागं उभा होतो, ती पान पुन्हा पुन्हा उघडत होती. काही नाही. वैजयंती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हजेरी घेताना दुसऱ्याचंच नाव घेतलं तर कोण 'हजर' म्हणेल?"

पूजानं नाव परत बदललं. शाळा लिहिलं. सोमवारी दुपारी सगळे आले. पूजा रडायला लागली.

तर मी जे खरं होतं ते तसंच छापून तुमच्या ऑफिसात आणलं. तुम्ही मीटिंगमध्ये होता. बाबूनं बोट फिरवत फिरवत खाली आणलं आणि थांबवलं. "ये क्या है? बंद शाला? वहाँ तो बिजली का मीटर भी कट गया है."

"वाचायला मीटर लागत नाही. दिवसा वाचतात."

"कौन?"

"ते तुम्ही शोधा. कौन कहाँ से आया, हे तुम्हालाच पाहिजे होतं. कहाँ से, ते मी आणलं. कौन, ते तुमच्याकडे. शाळा तुम्ही बंद केली."

तो आत जाऊन आला. येताना त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तुमची खोली गार आहे. "साहब बोल रहे हैं, शाला वाले हटा दो. लिख के दे दो कि गलती से आ गए थे, हैं ही नहीं. फिर बाकी गिनेंगे."

बाकीचे मोजले तर शंभर भरत नाहीत. हे त्याला माहीत आहे, तुम्हालाही. आणि मी लिहून दिलं नाही म्हणून गाडी ठरली आहे, हेही मला कळलं.

एक गोष्ट तुमच्या बाबूनं तुम्हाला सांगितली नसेल. मी बाहेर पडलो तेव्हा तो जिन्यापर्यंत मागे आला आणि मराठीत बोलला. चांगलं, स्वच्छ मराठी. म्हणाला, "काका, दोन भावांच्या विहिरीची गोष्ट... ती त्यांनी पूर्ण वाचली का?" मी म्हटलं, तीनदा. तो म्हणाला, "चौथीला होती आम्हाला." आणि वर निघून गेला. त्याची नोकरी घालवू नका. त्यानं दुसरं काही केलेलं नाही.

इथवरचं सगळं मी काल साईटच्या पहिल्या पानावर लावलं. माझ्या गोष्टी काढून टाकल्या, त्यांची तशीही कोणाला गरज नव्हती. आज दुपारी ते आले. एक पुढं, बाकीचे मागून. माझं लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबले. सुट्टीची वेळ झाली, गेले नाहीत. शाळा सुटायची वेळ झाली, गेले नाहीत. पूजा म्हणते, पान उघडं ठेवून बसलेत. आता ऊन उतरलंय, तरी बसलेत.

म्हणून ही ओळ मी आत्ता खाली जोडतो आहे. मला काही सांगू नका साहेब, माझं मी बघून घेईन. त्यांना सांगा. ते आहेत की नाहीत, ते तुमच्या तोंडानं त्यांना सांगा. शाळेचं दार तुम्हाला माहीत आहे, सील तुमचंच आहे. या आणि उत्तर द्या.